वजन वाढवणारी औषधे आणि राहून गेलेले बोलणे

वजन घटवणारी इंजेक्शने हा सध्या घरोघरी चर्चेचा विषय आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध ‘मोंजारो’ या नावाने भारतात आले, त्याच वर्षी जूनमध्ये सेमाग्लूटाइडचे ‘वेगोव्ही’ आले. सेमाग्लूटाइडच्या भारतातील मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांना वाट मोकळी. दुसरीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. तेल, साखर, व्यायाम आणि इंजेक्शन या चार शब्दांभोवती लठ्ठपणाची सगळी चर्चा फिरते आहे. त्यात एक गोष्ट जवळपास कोणीच बोलत नाही. वजन घटवणारी औषधे आहेत तशी वजन वाढवणारीही आहेत, आणि ती डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर लिहिलेली असतात.

ही औषधे अपवादात्मक नाहीत. मधुमेह, उच्च रक्तदाब, अपस्मार, नैराश्य, स्किझोफ्रेनिया, दमा, संधिवात, एचआयव्ही या प्रत्येक आजारात वापरल्या जाणाऱ्या किमान एका औषधाने वजन वाढू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि ३९.५ टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. म्हणजे मुळातच वजनाची अडचण असलेल्या समाजात वजन वाढवू शकणारी औषधे मोठ्या संख्येने लोक वर्षानुवर्षे घेत आहेत.

ही औषधे वाईट आहेत असे यातून निघत नाही. त्यातली कित्येक जीव वाचवतात. अडचण निराळीच आहे. वजन वाढू शकते हे रुग्णाला सहसा आधी सांगितले जात नाही, आणि वाढल्यावर तो ते डॉक्टरांना सांगत नाही. तो गुपचूप गोळी बंद करतो. खरे नुकसान बहुतेक वेळा तिथे होते.

कोणती औषधे, किती वजन

या बाबतीत सर्वात जास्त अभ्यास झाला आहे तो स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजारांवरील औषधांचा. १९९९ मध्ये डेव्हिड अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली. केवळ दहा आठवड्यांत क्लोझापिनने सरासरी ४.४५ किलो, ओलान्झापिनने ४.१५ किलो, रिस्पेरिडोनने २.१ किलो वजन वाढले होते. झिप्रासिडोनने मात्र जवळपास काहीच वाढले नव्हते. एकाच आजारावरच्या औषधांत इतका फरक असू शकतो, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब. पुढे अ‍ॅरिपिप्राझोल आणि लुरासिडोन ही वजनाच्या दृष्टीने सौम्य औषधेही आली. क्वेटियापिन मधल्या गटात बसते.

नैराश्यावरच्या औषधांबद्दलची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी आहे. अमेरिकेतील सुमारे १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांचे वजन सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.४१ किलोने जास्त होते, बुप्रोपिऑन घेणाऱ्यांचे ०.२२ किलोने कमी. सरासरीचे हे आकडे लहान आहेत. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन या औषधांनी मात्र भूक ठळकपणे वाढते. अमिट्रिप्टिलिन अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यासाठीही दिले जाते, त्यामुळे आपण मुळात नैराश्यावरचे औषध घेतो आहोत हेही अनेकांना ठाऊक नसते.

मधुमेहात इन्सुलिन, ग्लिमेपिराइड व ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढू शकते. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या गाजलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात दहा वर्षांच्या अखेरीस इन्सुलिन गटाचे वजन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ४ किलोने अधिक वाढले होते, ग्लिबेनक्लामाइड गटाचे १.७ किलोने. त्याच अभ्यासाने हेही दाखवले, की साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटतात. हिशेब मांडायचा तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून मांडायला हवा.

अपस्मारात व्हॅल्प्रोएटने, नसांच्या वेदनांसाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिनने वजन वाढते. मधुमेहात पायांची आग होते म्हणून प्रीगॅबालिन आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. रक्तदाबासाठीच्या प्रोप्रानोलोल, अ‍ॅटेनोलोल या जुन्या बीटा-ब्लॉकर औषधांनी साधारण किलोभर वाढ होते. एचआयव्हीवरील डोल्युटेग्राविर या प्रभावी औषधाबाबत दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत वजनवाढ दिसली, आणि ती स्त्रियांमध्ये अधिक होती. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात २०१७ पासून मिळणाऱ्या ‘अंतरा’ या तीन महिन्यांच्या इंजेक्शनानेही काही स्त्रियांचे वजन वाढते.

काही औषधांवरचा आरोप मात्र खोटा आहे. ‘माला-एन’सारख्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी वजन वाढते ही समजूत पक्की आहे, पण चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात असा मोठा परिणाम आढळलेला नाही. थायरॉइड कमी असलेल्यांना दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीनेही वजन वाढत नाही, उलट ती न घेतल्याने वाढते. दम्याच्या पंपाची भीतीही अशीच. पंपातून जाणारे स्टेरॉइड इतके थोडे असते, की नेहमीच्या मात्रेत त्याने सहसा वजन वाढत नाही. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे.

शरीरात होते काय

‘गोळ्यांनी सूज आली’ असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक औषधाची वाट वेगळी असते, आणि ती समजली तर उपायही समजतो.

ओलान्झापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन ही औषधे मेंदूतील हिस्टामिनच्या ग्राहकांना अडवतात. सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकावरही त्यांचा परिणाम होतो. पोट भरल्याचा निरोप देणारी यंत्रणा त्यामुळे मंदावते. जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते, रात्री उठून गोड खावेसे वाटते. जोडीला गुंगी असते, त्यामुळे हालचाल कमी होते. घरच्यांना दिसतो तो सारखा खाणारा आणि झोपणारा माणूस. भुकेचा हा जोर औषधातून आलेला आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून ते आळस आणि हावरटपणाला बोल लावतात.

इन्सुलिनचे गणित निराळे आहे. रक्तात साखर फार वाढली की ती लघवीवाटे बाहेर पडते. समजा दिवसाला ५० ग्रॅम साखर अशी वाया जात असेल, तर त्या २०० कॅलरी झाल्या, म्हणजे साधारण दोन चपात्या. उपचार सुरू झाला की ही गळती थांबते. खाणे तेवढेच राहिले तरी आता त्या दोन चपात्या अंगी लागतात. बेताल मधुमेहात उतरलेले वजन काही अंशी असे भरून येते, ते चांगलेच लक्षण असते. पण त्यात भर पडते ती साखर एकदम उतरण्याच्या भीतीची. हातपाय थरथरल्याचा अनुभव एकदा आला, की रुग्ण खबरदारी म्हणून मध्येमध्ये बिस्किटे, साखर खाऊ लागतो. अशा वेळी डोस आणि जेवणाची वेळ जुळवून घेतली तर वाढ बरीच रोखता येते.

स्टेरॉइड भूक वाढवते, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, चरबी चेहरा, मान आणि पोटाकडे वळवते आणि हातापायांचे स्नायू झिजवते. त्यामुळे चेहरा गोल दिसतो आणि जिना चढताना मात्र मांड्यांत ताकद राहत नाही. पाच-सात दिवसांच्या कोर्सने असे होत नाही, महिनोन्महिने घेतल्याने होते. बीटा-ब्लॉकरमुळे विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा किंचित घटते आणि चालताना दम लवकर लागतो. प्रीगॅबालिनमुळे पायांवर येणारी सूज कित्येकदा पाण्याची असते. सूज पाण्याची की चरबीची, हे डॉक्टरांनी पाहूनच ठरवायचे असते, कारण पाण्याची सूज हृदय किंवा मूत्रपिंडाचा इशाराही असू शकते.

दुष्परिणामच जेव्हा उपचार होतो

या औषधांकडे केवळ संशयाने पाहणे किती अपुरे आहे, हे पुद्दुचेरीच्या ‘जिपमर’ संस्थेतील एका चाचणीवरून कळते. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुस, जठर, यकृत-स्वादुपिंड या भागांच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर रोज अवघे २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन देण्यात आले. बारा आठवड्यांत ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त ९ टक्क्यांचे. अन्नावरची वासना उडालेल्या माणसाला चार घास गोड लागू लागले. मनोविकाराच्या विभागात ज्याची चिंता वाहायची, तोच परिणाम कर्करोगाच्या विभागात हवाहवासा ठरला.

याच गुणाचा गैरवापरही होतो. सायप्रोहेप्टाडिन हे मूळचे अ‍ॅलर्जीवरचे औषध भूक वाढवते म्हणून किरकोळ अंगाच्या मुलांना पाजले जाते. ‘तब्येत बनवण्यासाठी’ डेक्सामेथासोनच्या गोळ्या चिठ्ठीविना घेणारे तरुण आहेत. सांधेदुखीवर ‘जादूसारखा गुण’ देणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड आढळल्याची उदाहरणे देशात वारंवार नोंदली गेली आहेत. पुडी घेतल्यावर आठवड्यात दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरतो आणि ‘औषध मानवले’ असे वाटते. हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, स्वतःचे स्टेरॉइड बनवण्याची शरीराची क्षमता मंदावणे हे सगळे नंतर कळते. कारण नसताना भरलेला चेहरा पाहून घरच्यांनी पुडीचीच चौकशी करायला हवी.

गोळी गुपचूप बंद होते तेव्हा

वजनवाढीचा सर्वात मोठा धोका कोणता, असे विचारले तर उत्तर सहसा मधुमेह किंवा हृदयविकार असे मिळते. ते खरेच आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्येच या गटातील औषधांवर रक्तातील साखर वाढण्याचा इशारा छापायला लावला होता.

पण त्याआधीचा, हाताशी असलेला धोका आहे औषध सोडण्याचा. एखादी पंचविशीतली मुलगी आजारातून सावरते, नोकरीवर परत जाते आणि सहा महिन्यांत तिचे कपडे तिला होईनासे होतात. लग्नाचे बोलणे चाललेले असते. नातेवाईक ‘किती सुटलीस’ म्हणून जातात. ती गोळी आधी अर्धी करते, मग एक दिवसाआड, मग बंद. दोन महिने काही होत नाही, म्हणून आपला निर्णय बरोबर होता असे तिला वाटते. आजार उलटतो तो त्यानंतर. मनोविकारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात ही कहाणी नवी नसते.

इतर आजारांतही हेच घडते. टाइप १ मधुमेह असलेल्या काही तरुण मुली वजन वाढू नये म्हणून इन्सुलिनचा डोस मुद्दाम चुकवतात. त्याने वजन उतरते हे खरे, पण ते साखर लघवीवाटे वाया घालवून उतरते, आणि रक्तात आम्ल साचून प्राणावर बेतू शकते. अपस्माराची गोळी अचानक थांबवली तर न थांबणारे झटके येऊ शकतात. बीटा-ब्लॉकर एकाएकी सोडल्यास छातीत दुखणे उसळू शकते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळतो, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तोवर बनेनासे झालेले असते. म्हणून ते टप्प्याटप्प्यानेच उतरवावे लागते. यातल्या प्रत्येक ठिकाणी औषध बदलणे किंवा कमी करणे शक्य असू शकते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अमेरिकेतील १,४९३ रुग्णांवरील ‘केटी’ चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, ते या गुंत्यावर चांगला प्रकाश टाकतात. ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन दरमहा सरासरी ०.९ किलोने वाढले. वजन आणि साखर-चरबीच्या तक्रारींमुळे औषध सोडणारेही याच गटात सर्वाधिक, ९ टक्के, होते. तरीही सगळी कारणे धरून पाहता ओलान्झापिन सोडणाऱ्यांचे प्रमाण ६४ टक्के आणि इतर औषधांचे ७४ ते ८२ टक्के भरले. जे औषध सर्वाधिक वजन वाढवत होते, त्यावरच रुग्ण तुलनेने जास्त टिकले, कारण त्याचा गुण येत होता. फिनलंडमधील ६६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरील २००९ च्या अभ्यासात तर क्लोझापिन घेणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण सर्वात कमी आढळले, आणि वजनाच्या बाबतीत क्लोझापिन सर्वात बदनाम आहे. तेव्हा ‘वजन वाढवणारे औषध टाळा’ असा सरसकट सल्ला देता येत नाही. कोणाला कोणते औषध लागू पडते आणि त्याची कोणती किंमत तो माणूस सोसू शकतो, हे त्याच्याशी बोलूनच ठरते.

काय करता येते

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे वजनकाटा. अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये एकत्रितपणे ठरवून दिलेला क्रम आजही उपयोगी आहे. औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी नोंदवायची. मग ४, ८ आणि १२ आठवड्यांनी वजन, पुढे दर तीन महिन्यांनी. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली, तर औषध बदलण्याचा विचार करायचा. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ही रेषा ३ किलोंवर येते. पहिल्याच महिन्यात इतकी वाढ झाली तर पुढे ती आणखी होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ‘बघू पुढच्या खेपेला’ म्हणून सोडून देऊ नये.

भारतीयांनी हे निकष थोडे कडक लावायला हवेत. आपल्याकडे वजन आणि उंचीचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, २३ च्या पुढे गेला की अतिवजन आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याकडची साधी टेप त्यासाठी पुरते.

दुसरा उपाय पर्यायांचा. मधुमेहात मेटफॉर्मिनने वजन वाढत नाही. ग्लिप्टिन गटातील औषधे वजनाला तटस्थ आहेत, आणि लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी ते थोडे उतरते. डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ती आपल्याकडे बरीच स्वस्त झाली आहे. अपस्मारात लेव्हेटिरासेटाम वजनाला तटस्थ आहे, टोपिरामेटने ते कमी होते. व्हॅल्प्रोएट गर्भालाही घातक ठरू शकते, त्यामुळे तरुण स्त्रियांच्या बाबतीत पर्यायाचा विचार दुहेरी कारणाने करावा लागतो. अर्थात पर्याय प्रत्येकाला लागू पडतोच असे नाही.

औषध बदलता येत नसेल तिथे तिसरा उपाय उरतो. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू करतानाच मेटफॉर्मिन जोडावे, अशी शिफारस २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी केली आहे. मेटफॉर्मिन आपल्याकडे काही रुपयांत मिळते आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही असते. तरी वजन वाढून गेल्यावरच त्याची आठवण होते. सेमाग्लूटाइडच्या चाचण्याही आता मनोविकाराची औषधे घेणाऱ्या रुग्णांवर झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. स्वस्त आवृत्त्यांचा सर्वात योग्य वापर कदाचित इथेच होईल. मात्र एका औषधाचा परिणाम निस्तरण्यासाठी दुसरे घ्यायचे, तर त्याचा खर्च, मळमळ आणि ते किती काळ घ्यायचे याचाही विचार आधीच व्हायला हवा.

घरातल्यांचे कामही थोडके नाही. ओलान्झापिन सुरू झालेल्या माणसाच्या हाताशी फरसाण आणि शीतपेयाऐवजी काकडी, ताक, भाजलेले चणे ठेवणे, रात्रीच्या गोळीनंतर स्वयंपाकघर बंद करणे, संध्याकाळी त्याच्याबरोबर चालायला जाणे यांचा उपयोग उपदेशापेक्षा जास्त होतो. पहिले तीन महिने यासाठी सर्वात महत्त्वाचे, कारण वाढलेले वजन उतरवण्यापेक्षा ते वाढू न देणे सोपे असते.

व्यवस्थेच्या अंगाने

हे सगळे वैद्यकशास्त्राला वीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरी ते रुग्णापर्यंत का पोहोचत नाही? एक कारण उघड आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात रांग लांब असते आणि एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. त्यात आजाराचे बोलणे होते, दुष्परिणामांचे राहून जाते. सांगितले तर रुग्ण औषध घेणारच नाही, ही डॉक्टरांची भीतीही असते, आणि ती निराधार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते. इतक्या कष्टाने दारात आलेला माणूस परत जाऊ नये असे वाटणे साहजिक आहे. पण न सांगता दिलेल्या औषधाचा परिणाम रुग्णाला स्वतःच्या अंगावर कळतो, तेव्हा त्याचा विश्वास एका गोळीवरून नव्हे, सगळ्या उपचारावरून उडतो.

दुसरे कारण भाषेचे. युरोपीय महासंघात प्रत्येक औषधासोबत सामान्य माणसाला समजेल असे पत्रक देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे पाकिटात पत्रक असलेच तर ते बारीक इंग्रजी अक्षरांत आणि डॉक्टरांना उद्देशून लिहिलेले असते. पट्टी कापून चार-चार गोळ्या दिल्या जातात तिथे तेही हाती येत नाही. ज्या दहा-बारा औषधांनी वजन ठळकपणे वाढते, त्यांची मराठीत एकेका पानाची पत्रके जिल्हा रुग्णालयांत ठेवणे हे मोठ्या खर्चाचे काम नाही. औषध सुरू करताना आणि प्रत्येक खेपेला केसपेपरवर वजन लिहिण्याची सक्ती तर त्याहून सोपी आहे. गरोदर स्त्रिया आणि बालकांच्या बाबतीत ती सवय आपल्या आरोग्यसेवेने पूर्वीच लावून घेतली आहे.

दुष्परिणाम नोंदवण्याची सोयही देशात आहे आणि ती रुग्णासाठीही खुली आहे. २०१० मध्ये सुरू झालेला औषधसुरक्षा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणीही संशयित दुष्परिणाम कळवू शकतो. वजनवाढीसारख्या ‘किरकोळ’ वाटणाऱ्या तक्रारी तिथे नोंदल्या गेल्या, तर भारतीयांमध्ये कोणते औषध किती वजन वाढवते याचे स्वतःचे चित्र उभे राहू शकेल. आज आपण बहुतांशी परदेशातील आकड्यांवर विसंबून आहोत.

तोवर रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात तीन प्रश्न आहेत, आणि ते दीर्घकाळ घ्यायच्या प्रत्येक नव्या गोळीच्या वेळी विचारता येतात. याने वजन वाढते का? वाढले तर किती वाढल्यावर तुम्हाला सांगायला यायचे? आणि तेव्हा दुसरा काय मार्ग आहे? चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्या दिवशीचे वजन लिहून ठेवले, की पुढच्या खेपेला बोलण्याची सुरुवात तिथूनच होईल. गोळी बंद करायची की नाही, हे त्या बोलण्यानंतर ठरवावे.